बँक बुडते म्हणजे कोण बुडते?

एखाद्या गावची बँक बुडाली की वर्तमानपत्रांतून बातमी येते ती आकड्यांची. इतके कोटी अडकले, इतके हजार ठेवीदार हवालदिल झाले. वाचणाऱ्याला वाटते की सारे एकाच होडीत होते आणि सारे एकाच क्षणी पाण्यात पडले. वस्तुस्थिती तशी नसते. बँक वर्षानुवर्षे बुडत असते. ती बुडते आहे हे कुणाला कधी कळले, यावरच कोण काठाला लागणार आणि कोण तळाशी जाणार हे ठरते. म्हणजे इथेही एक रांग आहे, आणि ती बँकेच्या दाराला कुलूप लागण्यापूर्वीच लागलेली असते. ज्या समाजाने पाणवठ्यावरची रांग पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्याला ही रांग समजायला फार पांडित्य लागू नये. परंतु आपल्या चळवळीत कर्ज, वेठ आणि जमीन यांवर जेवढे बोलले गेले तेवढे ठेवीवर बोलले गेले नाही. कारण उघड आहे. ठेवावा असा पैसाच आपल्या हाती नव्हता.

आता तो थोडाबहुत आला आहे. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांकडे पाहिले तर हे ध्यानात येईल. तानसा आणि भातसा ही धरणे शहापुरात. त्यांचे पाणी मुंबई पिते. मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याआधी काही वर्षे भूसंपादनाचा मोबदला वाटला जात होता. ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात मोबदला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या वाट्याला रस्त्याच्या कामावरची मजुरी. बौद्ध वस्तीत आलेला पैसा मुख्यतः पगाराचा आहे : शिक्षक, एस. टी.तला वाहक, जिल्हा परिषदेतला शिपाई, कारखान्यातला कामगार. आणि त्याही खाली कातकरी आहे. तो पावसाळा संपताच वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन कुटुंबासह भट्टीवर जातो. तो ठेवीदार होतच नाही. त्याचा हिशेब सुरू होतो तोच देण्यापासून.

हा थोडाबहुत पैसा जातो कुठे? मोठ्या बँकेत पगार जमा होतो हे खरे. परंतु रोजची बचत जाते ती बाजारपेठेतल्या पतसंस्थेत. पिग्मीवाला दारात येतो, दहा-वीस-पन्नास रुपये नेतो, कार्डावर सही करतो. भाजीवालीला, टपरीवाल्याला बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, कुणी इंग्रजी फॉर्म पुढे करीत नाही. शिवाय व्याज बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त. हा पिग्मीवाला बहुधा आपल्याच वस्तीतला, बारावी किंवा बी. ए. होऊन नोकरी न मिळालेला मुलगा असतो. संस्था त्याच्या ओळखीवर उभी असते. संस्था बुडते तेव्हा संचालकाच्या बंगल्यावर कुणी जात नाही. लोक जातात त्या मुलाच्या घरी.

बँक बुडण्याची रीत नीट पाहिली पाहिजे. बँक शंभर रुपयांची ठेव घेते, कायद्याने ठरवून दिलेला भाग राखून ठेवते आणि उरलेले कर्जाऊ देते. भागधारकांचे स्वतःचे भांडवल त्या मानाने अल्प असते. म्हणून कर्जाचा एखादा मोठा हिस्सा बुडाला की भांडवल संपते आणि पुढची तूट ठेवीदाराच्या पैशावर येते. हे दडवण्याची युक्ती जुनीच आहे. थकलेल्या कर्जदाराला नव्या नावाने नवे कर्ज द्यायचे आणि त्यातून जुने कर्ज फिटल्याचे दाखवायचे. कागदावर सारे हिरवेगार. ताळेबंद छापला जातो, वार्षिक सभेत चहा-फराळ होतो, ठराव एकमताने मंजूर होतात.

मुरबाडच्या शिवेला लागलेल्या रायगड जिल्ह्यात हे दोनदा घडले. पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. त्यानंतर दहा वर्षांनी पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेची पाळी आली. १५ जून २०२० च्या आदेशाने कर्नाळाच्या ठेवीदाराला आपल्या खात्यातून काढता येणारी रक्कम ठरली पाचशे रुपये. टाळेबंदीचे दिवस, हाताला काम नाही, आणि स्वतःच्या पैशातले पाचशे रुपये! ९ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने या बँकेचा परवाना रद्द झाला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम फिरविली गेली असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. बँकेच्या माजी अध्यक्षाला, जे स्वतः माजी आमदार होते, सक्तवसुली संचालनालयाने जून २०२१ मध्ये अटक केली.

अशा वेळी तीन वेगवेगळे शब्द कानावर येतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला निर्बंध : बँक जिवंत असते, पण हात बांधलेले असतात. दुसरा प्रशासक : संचालक मंडळ बाजूला सारून कारभार पाहण्यासाठी नेमलेला अधिकारी, बँक वाचेल अशी आशा तोवर धरलेली असते. तिसरा अवसायक, ज्याला लोक लिक्विडेटर म्हणतात. परवाना रद्द झाल्यावर सहकार निबंधक त्याला नेमतो. मालमत्ता विकणे, कर्जे वसूल करणे, देणी ठरलेल्या क्रमाने भागवणे आणि संस्था आवरणे हे त्याचे काम. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम १०२ पासून याची तरतूद आहे. हे आवरणे सहा वर्षांत व्हावे, मुदतवाढ धरून दहा वर्षांत, असे कलम १०९ सांगते. साठीच्या माणसाने निवृत्तीचा पैसा ठेवला असेल तर दहा वर्षे हा शब्द त्याने कसा ऐकावा?

या दीर्घ वाटेवर ठेवीदाराला आधार आहे तो ठेव विम्याचा, आणि त्याचा जन्मही एका बुडीत बँकेतूनच झाला. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. लोकांचा बँकांवरचा विश्वासच डळमळला, तेव्हा १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा महामंडळ सुरू झाले. प्रत्येक ठेवीदाराला संरक्षण होते १५०० रुपयांचे. सहकारी बँका या छपराखाली यायला १९७१ उजाडले. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच जवळपास सत्तावीस वर्षे थिजून राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढा असे प्रथम सांगण्यात आले, आणि मुंबईच्या रस्त्यांवर ठेवीदार उतरले. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. मागणी जुनीच होती. ती ऐकली गेली महानगरातला मध्यमवर्ग रडल्यावर. पेण बंद पडली तेव्हा मर्यादा लाखाचीच होती. कर्नाळाचा परवाना गेला तेव्हा ती पाच लाख होती, म्हणून तिथल्या सुमारे पंचाण्णव टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँक म्हणू शकली. एकाच जिल्ह्यातल्या दोन बँका, आणि ठेवीदाराचे नशीब तारखेवर.

दुसरी एक खोच होती. पूर्वी विम्याचे पैसे मिळत ते परवाना रद्द झाल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावर. नुसते निर्बंध असतील तर काहीच नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना गेला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे बँक ना जिवंत ना मेलेली. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदलले. निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याइतकी रक्कम देण्याची तरतूद झाली. ही सुधारणा मोठी आहे हे मान्य केले पाहिजे.

मात्र पाच लाख हे दर माणशी, दर बँकेमागे असतात, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या शहापूर आणि मुरबाड शाखांत वेगवेगळी खाती असली तरी माणूस एकच धरला जातो. विहाराच्या बांधकामासाठी साठ-सत्तर घरांनी वर्गणी काढून सात लाख जमवले आणि ते समितीच्या नावाने ठेवले, तर कायद्याच्या दृष्टीने ठेवीदार एकच, ती समिती. शिवाय ज्याची ठेव आहे त्याच्याच नावावर त्या बँकेचे थकलेले कर्ज असेल तर ते वळते करून उरलेले मिळते.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा सारा विमा बँकांना आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाही. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते आणि केंद्राचा ठेव विमा तिला लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ असते, पासबुक असते, काउंटर असतो, तिजोरी असते, आणि बाजाराला आलेल्या माणसाला फरक दिसत नाही. ज्याच्यापाशी पाच लाखांहून अधिक आहे तो चार बँकांत विभागून ठेवतो आणि निर्धास्त झोपतो. भाजीवालीचे तीस हजार मात्र उघड्यावर. डॉ. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. पैशाच्या सुरक्षिततेलाही तशाच पायऱ्या आहेत, आणि कोणती वस्ती कोणत्या पायरीवर आहे हे सांगायला नको.

पतसंस्था बुडाल्यावर काय होते याचे उदाहरण जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत मिळते. ही अनेक राज्यांत पसरलेली, बहुराज्यीय संस्था. २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक आला. २०२० मध्ये पुणे पोलिसांनी जो गुन्हा दाखल केला त्यात त्या अवसायकावरच आरोप आहेत. आरोपाचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. पैसे कधी मिळणार याची खात्री नसल्याने कंटाळलेला ठेवीदार आपली पावती तीस-चाळीस टक्के किमतीला विकून टाकतो. ती पावती विकत घेणारा असतो संस्थेचा बडा कर्जदार, किंवा त्याचा माणूस. मग तीच पावती पूर्ण किमतीने त्याच्या कर्जात वळती होते. म्हणजे लाखाचे कर्ज तीस-चाळीस हजारांत फिटते, आणि उरलेले साठ-सत्तर हजार जातात ठेवीदाराच्या खिशातून. न्यायालयात काय ठरायचे ते ठरो. पण ही वाट अस्तित्वात आहे आणि ती गरजेवर चालते. ज्याच्या घरात मुलीचे लग्न आहे, आजारपण आहे, तो थांबू शकत नाही. थांबू शकणारा जिंकतो.

वसुलीची बाजू तर आपल्याला अधिक जवळची आहे. बुडालेल्या संस्थेचे मोठे कर्जदार न्यायालयात जातात, स्थगिती आणतात. त्यांच्या तारण जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण लिलावात बोली लावायला गावातले कुणी पुढे येत नाही. सहज सापडतो तो जामीनदार, त्यातही पगारदार जामीनदार. कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो. शिवाय कर्जदार सभासदाने करार लिहून दिला असेल तर कलम ४९ नुसार हप्ता परस्पर पगारातून कापता येतो. जमीन नाही, दुकान नाही, अशा समाजाकडे तारण म्हणून एकच वस्तू आहे : कुणातरी एकाची पगाराची पावती. म्हणून वस्तीत एक पोरगा नोकरीला लागला की त्याच्याकडे जामीनकीचे कागद येऊ लागतात. माझ्याकडेही आले. भावकीतल्या एकाच्या म्हशींच्या कर्जासाठी मी सही केली होती. संस्था मोडकळीला आली आणि अकरा महिने माझ्या पगारातून कपात झाली. त्या सहीबद्दल मला खंत नाही. पण त्याच यादीत वर ज्यांची नावे होती त्यांच्या दारात वसुली अधिकारी गेल्याचे कुणी पाहिले नाही, हे मात्र सांगितले पाहिजे.

संचालक मंडळात आपला माणूस असतो की, असे कुणी म्हणेल. असतो. राज्याच्या सहकार कायद्याने अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी एक जागा राखली आहे. जाती आणि जमाती मिळून एक. आदिवासीबहुल शहापुरातसुद्धा एकच. तो एकटा माणूस बैठकीत बसतो, नोंदवहीवर सही करतो. कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित होते तेव्हा ‘मला कर्जप्रकरणे दाखवलीच नाहीत’ हे त्याचे म्हणणे खरे असूनही उपयोगी पडत नाही. त्याने आपला विरोध लेखी नोंदवून ठेवला असेल तरच काही बोलता येते.

सभासदाला काही हक्क आहेत आणि ते बुडण्याआधी वापरायचे आहेत. कलम ३२ प्रमाणे संस्थेचा शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराचे हिशेब पाहायला मागता येतात. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, अ की क की ड, हे वार्षिक सभेत विचारता येते. गेल्या वर्षीच्या ठेवी आणि यंदाच्या ठेवी यांत मोठ्या रकमा कमी झाल्या आहेत का हेही विचारता येते. कारण आतल्यांना आधी कळते आणि त्यांच्या ठेवी आधी निघतात. जामीनदारासाठी तर १८७२ च्या करार कायद्यात तरतूद आहे. त्याने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे, धनकोपाशी असलेले तारणही त्याच्याकडे येते. भावकीतल्या माणसाच्या दोन म्हशींवर कुणी दावा लावायचा, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.