काढलेला तीळ जातो कोठे?

सरकारी अर्जांतील ‘शरीरावरील ओळखखूण’ या रकान्यात ज्याची पिढ्यानपिढ्या नोंद होत आली आणि सामुद्रिकशास्त्राने ज्याच्या स्थानावरून भाग्य वर्तविले, तो तीळ एखाद्याला नकोसा झाला तर त्याने तो खुशाल काढून घ्यावा. त्यात अपशकुनही नाही आणि नटवेपणाही नाही. दाढीचे पाते ज्याला वारंवार लागते किंवा मंगळसूत्र ज्याला सतत घासते, असा तीळ काढणे तर सोयीचेच. मात्र काढलेल्या तिळाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

त्वचेला वर्ण देणाऱ्या पेशी एरवी बाह्यत्वचेच्या तळाशी एकेकट्या विखुरलेल्या असतात; तशाच पेशी एके ठिकाणी पुंजक्याने वाढल्या म्हणजे तीळ उमटतो. बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतात; परंतु क्वचित एखाद्या तिळात, आणि त्याहून अधिक वेळा तिळासारख्या दिसणाऱ्या नव्या डागात, मेलॅनोमा हा घातक कर्करोग दडलेला असतो. डागाचे दोन अर्ध परस्परांशी न जुळणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच डागात अनेक छटा असणे आणि व्यास सहा मिलिमीटरहून अधिक असणे, ही त्याची चार लक्षणे न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांनी १९८५ साली मांडली. डाग बदलत जाणे, हे पाचवे लक्षण मागाहून त्यांत दाखल झाले. गौरवर्णीयांच्या मानाने हा रोग आपल्याकडे पुष्कळच विरळ आहे. तथापि तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तेथे तो लवकर ध्यानात येत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग आढळला; १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, ते निवर्तले.

चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिळावर लावणे, बिब्ब्याचे तेल टेकविणे, हे घरगुती उपाय म्हणूनच मला भयंकर वाटतात. त्यांनी भोवतालची कातडी जळते, फोड येतात, व्रण राहतो, हे तर खरेच. परंतु वरचा रंग गेला तरी खोलवरच्या पेशी व्रणाखाली जिवंत राहू शकतात, आणि जे तपासावयाचे तेच जळून गेल्यामुळे पुरावा कायमचा नाहीसा होतो. संशयास्पद तीळ लेसरने जाळण्यावरही हाच आक्षेप आहे.

शस्त्रक्रिया त्यामानाने साधी असते. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनच्या सुईचा दाह क्षणभर सोसला की पुढे वेदना अशी राहत नाही, केवळ ओढल्याचा भास होतो. वर आलेला निर्धोक तीळ पात्याने त्वचेच्या पातळीवर तासून काढतात. संशय असेल तर भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह, होडीच्या आकाराचा, रुंदीच्या सुमारे तिप्पट लांब असा छेद घेतात. इतकी लांबी कशासाठी, असे रुग्णास वाटते. पण छेद आखूड ठेवला तर टाके घालताना दोन्ही टोकांना कातडीच्या चुण्या पडतात. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पाठीवरचे दहा ते चौदा. छाती आणि खांदे येथे मात्र व्रण जाड होऊन वाढण्याचा संभव असल्यामुळे, केवळ शोभेसाठी तेथील तीळ काढण्याआधी दोनदा विचार करावा.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या लहानशा बाटलीत पडला आणि तिच्यावर रुग्णाचे नाव व शरीरावरील जागा लिहिली गेली, म्हणजे खरी तपासणी सुरू होते. तो मेणात बसवून त्याचे अत्यंत पातळ काप घेतात, ते रंगवितात, आणि त्यातील पेशींचा स्वभाव व खोली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अहवाल लिहितात. डॉक्टरांना तीळ कितीही साधा वाटला तरी, ‘तपासणीस पाठविणार ना?’ असे विचारण्याचा संकोच रुग्णाने धरू नये.

अहवाल आला म्हणजे तो घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. तासून काढलेल्या तिळाच्या जागी काही महिन्यांनी पुन्हा काळसर रंग उमटू शकतो, आणि असा पुनरुद्भवलेला निरुपद्रवी तीळ सूक्ष्मदर्शकाखालीही मेलॅनोमासारखा भासू शकतो. अशा वेळी नव्या डॉक्टरांच्या हाती तो जुना कागद असला, तर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया टळते.