मोठ्या टीमला हरवायचंय? मग तिचा खेळ खेळू नका!

मित्रांनो, शेजारी मोठं दुकान उघडलं की आपण लगेच भाव पाडतो. थांबा! आधी २००७ ची एनबीए प्लेऑफ मालिका समजून घ्या.

डॅलस मॅव्हरिक्स: ८२ पैकी ६७ विजय, पहिलं मानांकन. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स: ४२ विजय, आठवं मानांकन.

वॉरियर्सचे कोच डॉन नेल्सन आधी डॅलसचेच कोच होते. सात फुटी डर्क नोविट्झकीची नाडी त्यांना ठाऊक होती. उंचीला उंची त्यांनी लावलीच नाही. चपळ खेळाडू उतरवले, खेळ पळता ठेवला आणि चिवट स्टीफन जॅक्सनला डर्कच्या मागे लावलं. डॅलसने पहिल्याच सामन्यात आपला उंच सेंटर बाकावर बसवला. म्हणजे बलाढ्य टीम दुबळ्याच्या अटींवर खेळायला लागली! सहाव्या सामन्यात डर्कचे १३ पैकी फक्त २ शॉट बास्केटमध्ये गेले. मालिका ४-२ ने वॉरियर्सची.

पण पुढच्याच फेरीत युटा जॅझने त्यांना ४-१ ने हरवलं. एकाला लागू पडलेला डाव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

म्हणून आज वहीत दोनच गोष्टी लिहा: समोरचा नेमका कशावर जिंकतो? आणि तुमच्यामागे कुठे पळताना त्याला दम लागेल? भिडायचं ते तिथेच!