शारजाच्या वाळूतील जाहक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, जेथे मोटारदुरुस्तीची गॅरेजे, भंगाराच्या वखारी, गोदामे आणि कामगारांच्या वसाहती क्रमांकित विभागांतून एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला या भूमीचा वन्य जीवनाशी काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. आणि शहराची हद्द संपून अल धैदच्या दिशेने वाळूचा मुलूख सुरू होतो तेथे, ओंजळीत मावेल एवढा एखादा काटेरी जीव रात्री दृष्टीस पडलाच, तर त्याच्याविषयी जे बोलले जाते त्यात माहितीपेक्षा तर्काचाच भाग अधिक असतो. या प्राण्याला मराठी ग्रंथांत जाहक म्हटले आहे. हेजहॉग हे त्याचे नाव आज अधिक प्रचलित आहे. त्याच्याविषयीचे रूढ समज एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज : जाहक हे साळिंदराचे पिल्लू, किंवा उंदराचीच एखादी जात.

वस्तुस्थिती : साळिंदर आणि उंदीर हे दोन्ही कृंतक गणातील, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांचे प्राणी होत, जाहकाचे गोत्र सर्वस्वी भिन्न असून त्याची जवळची नाती आपल्या परिचयाच्या चिचुंद्रीशी आहेत. त्याचे मुख्य अन्न कीटक, आणि प्रसंगी विंचूही. काटे म्हणजे केराटिन या द्रव्याचे कठीण झालेले केस होत, आणि असे काटे सृष्टीत एकदाच निर्माण झाले नाहीत: साळिंदर, मादागास्करचा टेनरेक, ऑस्ट्रेलियातील अंडी घालणारा एकिडना आणि जाहक या परस्परांपासून दूरच्या वंशांनी संरक्षणाचा हा एकच उपाय स्वतंत्रपणे साधला. तेव्हा काट्यांवरून नाते ठरविणे हा कच्चा पुरावा होय.

गैरसमज : तो काटे फेकून मारतो.

वस्तुस्थिती : साळिंदराविषयी खेडोपाडी ऐकू येणारी ही समजूत त्याच्या बाबतीतही खोटी आहे; जाहकाचे काटे तर सहजासहजी सुटूनही येत नाहीत. पाठीच्या त्वचेखालील बळकट स्नायू आवळून तो मुख, पाय आणि मऊ पोट आत घेतो व चेंडूसारखा गोल होतो. त्याचे सारे युद्धकौशल्य हे एवढेच, आणि ते निव्वळ बचावाचे आहे.

गैरसमज : हा थंड युरोपातील प्राणी, अरबस्तानात तो कोणीतरी आणून सोडला असावा.

वस्तुस्थिती : युरोपातील बालपुस्तकांनी त्याला जगभर प्रसिद्धी दिली म्हणून हा समज बळावला; वास्तविक जाहकांच्या पाच प्रजाती युरोप, आशिया आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत पसरलेल्या आहेत, आणि त्यांपैकी पॅराएकायनस ही प्रजाती रुक्ष प्रदेशांचीच रहिवासी आहे. तिच्यातील वाळवंटी जाहक सहारापासून अरबी द्वीपकल्पापर्यंत आढळतो. ब्रँटचा जाहक इराण व मध्य आशियात तसाच अमिरातीतील हजर पर्वताच्या परिसरातही राहतो. भारतीय जाहक सिंध, राजस्थान आणि गुजरातेत, तर मद्रासी जाहक दक्षिण भारतात नांदतो. सहारापासून तमिळनाडूपर्यंत पसरलेल्या या घराण्याच्या मुलखात शारजा मध्यभागी येते. आखाताच्या दोन्ही तीरांवर ब्रँटचा जाहक कसा, असा प्रश्न पडेल, तर सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, आणि सरासरी 35 मीटर खोलीचे हे आखात तेव्हा बहुतांशी कोरडी भूमी होते, हे ध्यानी घ्यावे. भूचर प्राण्यांना तेव्हा वाट मोकळी होती. माणसाने जाहक नेऊन सोडल्याचे ठळक उदाहरण न्यूझीलंडचे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे पोहोचलेला युरोपीय जाहक तेथील पक्ष्यांच्या अंड्यांना आणि कीटकांना आज उपद्रवकारक ठरला आहे.

गैरसमज : जाहक कोट्यवधी वर्षे जसाच्या तसा राहिला आहे.

वस्तुस्थिती : वंश प्राचीन आहे, परंतु रूप एकच राहिलेले नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेला आणि 2014 साली वर्णन झालेला सिल्वाकोला हा या गोत्राचा आप्त जेमतेम अंगठ्याएवढा होता. उलट इटलीतील गार्गानो येथे, जेव्हा ते एक बेट होते तेव्हा, डायनोगॅलेरिक्स नावाचा सुमारे अर्ध्या मीटरहून लांब, केसाळ आणि काटेविरहित आप्त वावरत असे. आग्नेय आशियातील जिम्न्यूर आजही काट्यांवाचून आहेत. उत्तर अमेरिकेत एकेकाळी नांदलेली जाहकांची शाखा नष्ट झाली, आणि त्या खंडात आज एकही मूळचा जाहक उरलेला नाही.

गैरसमज : उष्ण प्रदेशातील जाहकास हिवाळी निद्रेची गरज नसते.

वस्तुस्थिती : अरबस्तानातील निरीक्षणांत वाळवंटी जाहक हिवाळ्यात शरीराचे तापमान उतरवून निश्चेष्ट पडून राहत असल्याचे आढळले आहे. थंडीत कीटक दुर्मीळ होतात, आणि अन्नाच्या तुटवड्यात शक्ती जपून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. अर्थात केवळ गारठ्याच्या तीव्रतेवरून या निद्रेचा अंदाज बांधता येत नाही.

गैरसमज : कारखान्यांच्या कडेची वाळू म्हणजे ओसाड, बिनवारशी जागा.

वस्तुस्थिती : या भूमीवर जाहकाची वहिवाट कारखान्यांहून अतिशय जुनी आहे. अल धैद रस्त्यावरील शारजा डेझर्ट पार्कमध्ये 1999 पासून चालू असलेल्या अरबी वन्यजीव केंद्रात द्वीपकल्पातील मूळच्या प्राण्यांचे दर्शन घडते, आणि सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ही भूमी रिकामी नसल्याची साक्ष पटेल. गोदामाच्या आवारात किंवा गटाराच्या खळग्यात जाहक अडकलेला दिसल्यास जाड कापडाने अलगद उचलून, तिन्हीसांजेनंतर जवळच्याच मोकळ्या वाळूत, रस्त्यापासून दूर सोडावा. हौसेखातर घरी नेऊ नये, आणि कीटकांसाठी विषारी औषधे उघड्यावर पसरू नयेत, कारण विषाने मेलेला कीटक खाणाऱ्यासही विषच होतो. आपण येथे उपजीविकेसाठी आलो आहोत आणि तो येथील मूळचा रहिवासी आहे. त्याच्या मुलखात वावरताना त्याच्या वाटा अबाधित ठेवणे हे आपले साधे कर्तव्य आहे.