चित्र काढलंस, आता बोल

कणकवलीच्या मुलाला पहिला परदेश म्हणजे मुंबई, निदान चित्रकार व्हायचं असेल तर. सावळाराम लक्ष्मण हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून १९०३ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. तेव्हा या भागातून मुंबई गाठायची तर वेंगुर्ल्यासारखं बंदर आणि तिथून आगबोट. हातात दिवा धरलेल्या मुलीचं त्यांचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. समोर बसवली होती ती त्यांचीच मुलगी गीता, पण निम्मं जग ते चित्र रविवर्म्याचं समजून मोकळं होतं. नेरूरपारचे प्रभाकर कोलतेही त्याच वाटेने मुंबईला गेले, आधी विद्यार्थी म्हणून आणि मग बरीच वर्षं जे. जे.त शिक्षक म्हणून. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रात्री कणकवलीला गाडीत बसावं, सकाळी दादरला उतरावं. मुंबईचं परदेशपण संपलं. त्यामुळेही असेल, पण एलिमेंटरी-इंटरमीडिएटचे दाखले फायलीत लावलेली इथली मुलं आता लंडन, बर्लिन, पॅरिसची नावं घेतात. आयांना घोर लागतो थंडीचा आणि जेवणाचा, बापांना पैशांचा. मुलं मात्र परत आल्यावर सांगतात ते वेगळंच असतं.

आपल्याकडून समुद्र ओलांडून चित्रकला शिकायला जाण्याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. पुण्यातल्या बेने इस्रायली घरातले सॅम्युएल रहमीन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले. (बेने इस्रायली म्हणजे आपलेच, कोकण किनाऱ्यावरचे शनवार तेली, घरात मराठी बोलणारे.) जॉन सिंगर सार्जंटसारख्या नामांकित व्यक्तिचित्रकाराचं मार्गदर्शन त्यांना लाभलं. तैलरंगात हात बसला, प्रदर्शनं झाली. आणि मायदेशी परतल्यावर या गृहस्थाने तो सगळा डामडौल बाजूला ठेवून राजपूत लघुचित्रांच्या वळणाने जलरंगात काम सुरू केलं. फैजी-रहमीन म्हणून आज ते ओळखले जातात ते या कामामुळे. दुसरे विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि मुलगा जे. जे.त पोचला. पुढे कलकत्ता, मग १९२० मध्ये लंडन. परत आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा केला. सासवण्याच्या घरात त्यांची शिल्पं आजही बघता येतात. त्यांत कोळी आहेत, म्हैस आहे, लंडन औषधालाही नाही.

या पिढीला तिकडे काय जड गेलं असेल? हवा, रीतभात, गोऱ्यांचा तोरा. अभ्यास मात्र परका नव्हता. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे.मध्ये लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारखे शिक्षक आले ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतून. प्लास्टरच्या पुतळ्यावरून रेखाटन, भूमिती, छायाप्रकाश, नक्षी, सगळं पायरीपायरीने. आपल्या ग्रेड परीक्षांतली स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही विभागणी त्याच मुशीतली. इथून गेलेल्याला तिथे तेच धडे जरा वरच्या इयत्तेचे मिळत. आता गंमत बघा. साउथ केन्सिंग्टनच्या त्याच शाळेचं १८९६ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट झालं. त्यांनी ती पद्धत कधीच टाकून दिली, आपण ती दहावीच्या वाढीव गुणांसकट सांभाळून ठेवली. म्हणजे ज्या घरून आपल्याला अभ्यासक्रम आला, त्याच घरी आज आपलं पोर जातं आणि तिथे त्याला विचारतात, हे असं का काढतोस?

बदलाची पहिली झळ स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला लागली. सय्यद हैदर रझा नागपूर आणि मग जे. जे.त शिकलेले, हात तयार. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँने त्यांची चित्रं पाहिली आणि सुनावलं की यात बांधणी नाही, सेझान अभ्यास. रझांनी मुंबईत फ्रेंच शिकायला घेतलं, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिस गाठलं. सहा वर्षांनी तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार घेतला. आधी भाषा, मग बोट, हा त्यांचा क्रम आजच्या मुलांनी डोळ्यांसमोर ठेवावा. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. सुरुवातीची वर्षं ओढगस्तीत गेली. १९५५ मध्ये गॅलरी वनमधल्या प्रदर्शनातली चित्रं विकली गेली, आणि त्याच वर्षी ‘एनकाउंटर’ मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख छापून आला. नाव झालं ते चित्र आणि शब्द दोन्ही एकदम लोकांपुढे आल्यावर, हे मला महत्त्वाचं वाटतं. सूझा बोलायला कधीच कचरले नाहीत. जे. जे.तून काढून टाकण्यापर्यंत पाळी आली ती काही गप्प बसल्याने नव्हे.

आता आजचं. तिकडच्या कलाशाळेत आठवड्याचा मुख्य प्रसंग म्हणजे ‘क्रिट’. आपलं काम भिंतीला लावायचं, दहाबारा सहाध्यायी आणि एखादा शिक्षक समोर उभे राहणार आणि प्रश्न विचारणार. आमच्या तालुक्यातली एक मुलगी ब्रिटनमध्ये शिकून आली, तिने सांगितलेला पहिला क्रिट ऐका. तिने खाडीची तीन जलरंगचित्रं लावली. आपल्याकडे कुठल्याही परीक्षकाने वाहवा केली असती अशी. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग कोरियाच्या एका मुलाने विचारलं, “पाणी कोरं का सोडलंस?” ही म्हणाली, “सॉरी, भरते.” आणि खरोखर पॅलेट काढायला वाकली. शिक्षिकेने थांबवलं. चूक कुणी काढलीच नव्हती, कारण विचारलं होतं. त्या रात्री तिने आईला फोन केला तेव्हा आई म्हणाली, “अगो, सांगूचा नाय, सुकती होती म्हणान!” ओहोटीला खाडीत पाणी नसतं, चिखल आणि चकाकी असते, तिने कागद सोडला होता तो त्यासाठी. उत्तर तिच्या घरात होतं. पण चित्राबद्दल आपल्याला काही म्हणायचं असतं आणि ते म्हणायचं असतं, हे बारा वर्षांच्या शाळेत तिला कुणी सांगितलं नव्हतं. चित्रकलेच्या तासाला आपल्याकडची ठरलेली सूचना एकच: काढा, बोलू नका.

आणि हे कुठे? तर दशावताराच्या मुलखात. जत्रेत रात्री कंपनी उतरते, पेटारे उघडतात, चेहऱ्याला रंग लावता लावता कुठलं आख्यान करायचं ते ठरतं. लिहिलेली संहिता नाही. राजा, राक्षस, नारद पहाटेपर्यंत उभ्या उभ्या संवाद रचतात, समोरच्याने टाकलेला शब्द झेलतात, अडचणीचा प्रश्न आला तर तो परतवतात. कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाचा चित्रकथी चित्र नुसतं दाखवत नाही. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने त्याची कथा सांगतो. बोलल्याशिवाय ते चित्र पुरं होत नाही. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती ही परंपरा जगवल्याबद्दल. आणि देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं तर प्रत्येक वाडीत. म्हणजे तोंड आपल्याला आहे, चांगलं खणखणीत आहे. चित्राच्या जवळून ते आपण शाळेत काढून घेतलं. परदेशात आपली मुलं पहिले सहा महिने कुढतात त्याचं खापर इंग्रजीवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलेली चिनी, ब्राझिली मुलं तिथे हातवारे करून वाद घालतात.

थंडीचं म्हणाल तर कोट मिळतो. जेवणाचं म्हणाल तर मालवणी मसाला आणि तिरफळं बॅगेत जातातच, फक्त फोडणी जरा चढली की धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत रस्त्यावर येते, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. उजेडाची गोष्ट मात्र चित्रकाराला खरंच छळते. डिसेंबरात लंडनला सकाळी आठला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. ज्याने आयुष्यभर उन्हाच्या सावलीवरून घन दाखवला, त्याला तिथे सावलीच सापडत नाही. शिवाय जलरंग. इथे जुलैत कागद तासभर ओला राहतो, एका रंगात दुसरा सोडावा आणि चहा पिऊन यावं. तिथे हीटरने कोरड्या पडलेल्या खोलीत वॉश कागदाच्या खालच्या कडेला पोचायच्या आत वरचा सुकतो आणि मध्ये कडक रेघ उमटते. मुलांना वाटतं हात बिघडला. हाताला काही झालेलं नसतं, हवा बदललेली असते. कागदाच्या मागून पाणी मारून घेतलं की भागतं. कार्यशाळेचंही तसंच. इथे करवत, ड्रिल दिसलं की हातात घ्यायचं. तिथे प्रत्येक यंत्राचं रीतसर शिक्षण घेऊन नाव नोंदवल्याशिवाय बोट लावू देत नाहीत. सुरुवातीला हा अपमान वाटतो. नंतर त्याच कार्यशाळेचा तंत्रज्ञ सगळ्यात जवळचा गुरू होतो, कारण तो ‘का’ विचारत नाही, ‘कसं’ ते दाखवतो.

पैशांबद्दल जरा सविस्तर, कारण यात लोक फसतात. लंडनच्या रॉयल कॉलेजला परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फी तीस हजार पौंडांच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. जर्मनीत सरकारी कला अकादम्यांना बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्कच नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. पण ‘फुकट’ ऐकून उडी मारू नये. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपासची रक्कम एकदम उभी करायची. शिवाय तिथे प्रवेश मार्कांवर नाही, ‘माप्पे’वर, म्हणजे निवडक कामांच्या संचावर, आणि त्यानंतर एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात जागा मिळवावी लागते. तो प्राध्यापक वेळापत्रक देत नाही, शिकवण्याचा तास असा नसतोच. आपल्या मुलाला वाटतं आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. लक्ष असतं, पण तुम्ही दार ठोठावल्यावर.

शिष्यवृत्त्या आहेत. इन्लॅक्स आहे, ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे, जर्मनीसाठी डाड आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मोठा आधार आहे. पण ती जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांशी बांधलेली. नुसती कला शिकवणाऱ्या संस्था, कितीही थोर असोत, त्या एकूण क्रमवारीत येतच नाहीत. तेव्हा क्रमवारीतल्या विद्यापीठाच्या पोटात असलेली कलाशाळा शोधावी: युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचं स्लेड, ऑक्सफर्डचं रस्किन, एडिंबरा विद्यापीठाचं कला महाविद्यालय. एवढी साधी गोष्ट कळायला इथल्या मुलांची वर्षं फुकट जातात. नियम बदलणं हे शासनाचं काम, आणि ते व्हायला हवं.

बोलायला लागल्यावर दुसरा सापळा पुढे येतो. तिथे कुणालाही ‘तुमच्याकडची परंपरा’ ऐकायची असते. मग वेंगुर्ल्यात वाढलेला, मोबाइलवर कोरियन मालिका बघणारा मुलगा एकाएकी कमळं आणि मंडलं काढू लागतो. वाहवा होते. पिंगुळीची टपोऱ्या डोळ्यांची पात्रंही उचलली जातात. ज्यांच्या पिढ्यांनी ती जपली त्या ठाकर समाजाचं नाव भिंतीवरच्या चिठ्ठीत नसतं, ही सरळसरळ चोरी आहे. परंपरेकडे जाणं चूक नाही. मडगावचे लक्ष्मण पै १९५१ पासून दहा वर्षं पॅरिसमध्ये होते. एकोल दे बोझारमध्ये भित्तिचित्र, एचिंग शिकले आणि तिथे बसून त्यांनी गीतगोविंदावर, रामायणावर, बुद्धचरित्रावर चित्रमालिका केल्या. पण त्या रेषेशी ते वर्षानुवर्षं झटले, परीक्षेपुरती ती पांघरली नाही. मोहन सामंत रोमला शिकले, न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि आयुष्यभर सारंगी वाजवत राहिले. ती सारंगी त्यांनी प्रदर्शनात मांडायला नेली नव्हती.

परतीचं गणित प्रत्येकाचं निराळं. पै परत आले, १९७७ पासून दहा वर्षं गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अकोल्याचे अंबादास ऑस्लोला गेले ते तिथलेच झाले. रझा अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी परतले. आजच्या मुलाला परत यावं वाटलं तरी करायचं काय, हा प्रश्न आहे. शाळांतली कलाशिक्षकांची भरती अडलेली, जिल्ह्यात धड कलादालन नाही. तिकडे पदवीच्या प्रदर्शनानंतर मोठी कामं अक्षरशः कचऱ्याच्या पेटीत जातात, कारण जहाजाचं भाडं कामाच्या किमतीहून जास्त. कॅनव्हास गुंडाळून आणता येतो. म्हणून सुटा कॅनव्हास आणि कागद यावर काम करणारेच शहाणे.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची अर्जांची धावपळ दिवाळीनंतर सुरू होते. कामांचे फोटो ओटीवर, ढगाळ दिवशी, फ्लॅश बंद ठेवून काढावेत. काच लावलेली चित्रं काचेतून टिपू नयेत. वस्तुचित्रं दोन पुरेत, उरलेली तुम्हाला काय दिसतं ती असू द्यात. सोबत निवेदन मागतात. ते इंटरनेटवरून उचलू नका, तिथे दिवसाला शंभर वाचणारा माणूस बसलेला असतो. चित्र समोर ठेवून घरातल्या कुणाला तरी प्रश्न विचारायला बसवा, आजी असेल तर उत्तम. मालवणीतच उत्तरं द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मग ती इंग्रजीत उतरवा. खाडीवाल्या मुलीने दुसऱ्या सत्रात हेच केलं. त्यानंतरच्या क्रिटमध्ये ती वीस मिनिटं बोलली आणि शिक्षिकेला तिला थांबवावं लागलं.