कुरळ्या केसांची निगा

आषाढाच्या सरी चाकणच्या परिसरावर कोसळू लागल्या, की महाळुंग्यासारख्या कारखान्यांच्या गावी कुरळ्या केसांचा संकरित कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाच्या कसोटीचा काळ सुरू होतो. कारण चिखल आणि ओल यांच्या संगतीत त्या मोहक कुरळ्या केसांच्या जटा होण्यास फारसा अवधी लागत नाही.

१९८९च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी, कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असलेल्या पतीच्या अंध पत्नीला मार्गदर्शक श्वान लाभावा म्हणून, पूडल व लॅब्राडोर यांचा असा संकर घडवून आणला. अशा कुत्र्यांचे केस गळत नाहीत, ही समजूत पुढे सर्वत्र रूढ झाली; वस्तुतः ते गळतात, परंतु पुष्कळसे जमिनीवर न पडता कुरळ्या केसांतच अडकतात आणि त्वचेलगत त्यांचा नमदा बनतो. वरून गोजिरवाणा दिसणारा तो मुका जीव आत त्वचा ताणली जाऊन वेदना सोशीत असतो, हे मला फार क्लेशदायक वाटते.

म्हणून केसांची एकेक बट बाजूस सारून मुळापासून ब्रश फिरवावा आणि मागाहून धातूची फणी विनाअडथळा सरकते की नाही याची तपासणी करावी. कानांमागे, काखेत व गळपट्ट्याखाली हा बंदोबस्त रोजचाच हवा. गुंता सोडवल्यावाचून स्नान घालू नये. भिजून वाळलेली जट अधिकच आवळते. ती कात्रीने कापणेही धोक्याचे, कारण जटेबरोबर वर ओढली गेलेली त्वचा नजरेस पडत नाही. तेथे जाणकाराकडून यंत्राने केस उतरविणेच दयेचे. पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येतात त्या महिन्यांत तर फणी हाताशीच ठेवावी, आणि तिच्यासोबत बोटांनी गोचीडही चाचपावेत.