पंख्याचा पट्टा कां किंचाळतो ?

फळ्यावर खडू जरा उभा धरून ओढला म्हणजे तो किंचाळतो आणि सारा वर्ग कानांवर हात ठेवतो, हा अनुभव आमच्या विद्यार्थिमित्रांस नवा नाहीं. खडू फळ्यावरून सलग सरकत नसतो. तो क्षणभर चिकटतो, मग निसटतो, पुन्हां चिकटतो; आणि हें चिकटणें-निसटणें एका सेकंदांत शेंकडों वेळां होऊं लागलें म्हणजे त्याचाच सूर होतो. थंडीच्या दिवसांत सकाळीं मोटार चालू करतांच इंजिनाचा रबरी पट्टा जो कर्कश आवाज काढतो, त्याचें मूळहि बहुधा हेंच. ज्या पुलीस घट्ट धरून पट्ट्यानें फिरावयाचें, तिच्यावरून तो घसरत असतो.

हा आवाज ऐकूनहि आम्हीं एकदां त्याचा अर्थ लावला नाहीं, ती हकीकत आधीं सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या जुन्या मोटारीचा पट्टा ओरडूं लागला. कोणीं तरी सुचविल्यावरून आम्हीं त्यावर एक चिकट फवारा मारला. आवाज तत्काळ थांबला व आम्ही आपल्या शहाणपणावर खूष झालों. आठ दिवसांनीं कुंभार्ली घाट चढतांना समोरचा तांबडा दिवा लागला. त्याकडे वर जाऊन पाहूं, अशा विचारानें आम्ही तसेच पुढें गेलों, आणि थोड्याच वेळांत बॉनेटखालून वाफ निघूं लागली. पट्टा तुटला होता. इंजिनाचें पाणी खेळविणारा पंप त्याच पट्ट्यावर चालत असे, हें आम्हांस त्या दिवशीं रस्त्याच्या कडेला सहकुटुंब चार तास बसून चांगलें समजलें.

आमची मोटार साधी होती. परंतु एका नामांकित वेगवान मोटारींत या पट्ट्याचें महत्त्व याहूनहि अधिक आहे, आणि तिच्या उदाहरणानें हा विषय फार सोपा होतो. जर्मनींतील पोर्शे कंपनीची ९११ ही मोटार १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचें सहा सिलिंडरांचें इंजिन मागील चाकांच्याहि मागें बसविलेलें असून पहिल्या गाड्यांत त्याची शक्ति १३० अश्वशक्ति होती. १९९८ पर्यंत या मालिकेंतील इंजिनें पाण्याऐवजीं हवेनें थंड होत असत. इंजिनाच्या मागें एक मोठा पंखा उभा असतो. तो हवा खेंचून सिलिंडरांवर लोटतो. पहिल्या पंचवीस वर्षांतील गाड्यांत हा पंखा वीज उत्पन्न करणाऱ्या अल्टरनेटरच्याच दांड्यावर बसविलेला असे, व दोघांना मिळून एकच पट्टा फिरवी. तो पट्टा घसरूं लागला कीं पंखा मंदावे, आणि तुटला कीं सिलिंडरांवर येणारा वारा बंद.

हा पट्टा सपाट नसतो. त्याचा आडवा छेद घेतला तर वर रुंद व खालीं निमुळता दिसेल. पुलीची खांचहि तशीच निमुळती असते. पट्टा ताणला कीं तो पाचरीसारखा खांचेंत रुततो व दोन्ही कडांनीं भिंतींना पकडतो. त्याचा तळ खांचेच्या तळाला टेंकतां कामा नये. खांचेच्या दोन भिंतींमधील कोन सुमारें ४० अंशांचा असला, तर तेवढ्याच ताणावर ही पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. वरच्या वर्गांतील मुलांनीं एकास २० अंशांच्या ज्येनें म्हणजे साईननें भागून पाहावें. पट्टा झिजून अरुंद झाला म्हणजे मात्र तो खालीं उतरतो, तळाला टेंकतो, पाचरीचा गुण जातो आणि किंचाळणें सुरू होतें.

सैल पट्टा ताणावा कसा ? घरच्या शिलाईयंत्राचा चामडी पट्टा सैल झाला तर आपण थोडासा कापून तारेच्या कडीनें पुन्हां जोडतों. पण मोटारीचा पट्टा अखंड असतो, तो कापतां येत नाहीं. पुष्कळशा मोटारींत अल्टरनेटरच किंचित् बाहेर ओढून घट्ट करतात. ९११ मध्यें तेंहि शक्य नाहीं, कारण तो पंख्याच्या मध्यभागीं पक्का बसलेला आहे. येथें जी युक्ति केली आहे ती आम्हांस फार आवडते. पंख्याच्या पुलीचे दोन अर्ध असून त्यांच्यामध्यें पातळ चकत्या घातलेल्या असतात. मधली एक चकती काढली कीं दोन्ही अर्ध जवळ येतात, खांच अरुंद होते, पट्टा बाहेरच्या बाजूस सरकतो आणि मोठ्या वर्तुळावर चढून आपोआप ताणला जातो. पट्टा तोच, दोन दांड्यांमधील अंतरहि तेंच ! काढलेली चकती फेंकून द्यावयाची नसते. ती पुलीच्या बाहेरच्या अंगास, नटाखालीं ठेवतात. फर्डिनांड पोर्शे यांनीं आखलेल्या फोक्सवागनच्या 'बीटल' गाडींतहि हीच रचना होती. म्हणजे आजोबांच्या गाडींतली युक्ति, नातू फर्डिनांड आलेक्झांडर यांनीं जिचा आकार रेखला, त्या ९११ मध्यें चालत आली.

चकती काढण्यापूर्वीं आवाज खरोखर सैलपणाचाच आहे ना, हें पाहिलें पाहिजे. इंजिन बंद, थंड, आणि किल्ली खिशांत ! फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही किंवा बोट नेणाऱ्यास दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असल्या किंवा त्यांना चिरा पडल्या असल्या, तर तो बदलावाच. तेल लागलेलें असेल तर आधीं तें कोठून गळतें तें शोधावें, नाहीं तर नवा पट्टाहि महिन्याभरांत तसाच होईल. मग पट्टा उतरवून पंखा हातानें फिरवावा. खरखर लागली तर दोष बेअरिंगचा आहे आणि पट्टा बिचारा निरपराधी आहे. पट्टा पुन्हां चढवितांना नट आंवळतां आंवळतां पुली हळूहळू फिरवीत राहावें, म्हणजे पट्टा दोन अर्धांमध्यें चिमटत नाहीं. नवा पट्टा थोडें अंतर चालल्यावर किंचित् सैल होतोच, तेव्हां ताण पुन्हां पाहावा. तथापि सतारीच्या तारेसारखा ताणूं नये, कारण तो भार अल्टरनेटरच्या बेअरिंगवर पडतो.

आजच्या मोटारींत उभ्या बारीक रेघांचा रुंद पट्टा असतो व स्प्रिंगची पुली त्याचा ताण राखते. या पट्ट्यांवर कामाचा भार किती असावा ? २०१५ सालच्या अमेरिकन डॉज 'हेलकॅट' गाडीच्या ७०७ अश्वशक्तीच्या इंजिनांत, केवळ हवा दाबून भरणारें यंत्र पट्ट्यानें फिरविण्यास पूर्ण वेगांत सुमारें ८० अश्वशक्ति खर्चीं पडे. पहिल्या ९११ च्या साऱ्या शक्तीच्या निम्म्याहून अधिक! रेघांच्या पट्ट्याची परीक्षा कारागीर पाण्यानें करतात. इंजिन चालू असतां, दूर उभें राहून, रेघांच्या बाजूवर थोडें पाणी फवारतात. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला तर पुल्या एका रेषेंत नाहींत. वाढला तर ताण कमी आहे. आम्हीं मारलेल्या त्या चिकट फवाऱ्यानें मात्र यांतलें कांहींच कळत नाहीं; उलट त्यावर धूळ बसून पट्टा लवकर खराब होतो.

९११ च्या चालकास एक सोय आहे. पंखा व अल्टरनेटर एकाच दांड्यावर असल्यामुळें पट्टा तुटतांच विजेचा तांबडा दिवा लागतो. तेथल्या तेथें गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावयाचें असतें, पुढच्या गांवापर्यंतसुद्धां जावयाचें नसतें. जाणते मालक गाडींत एक नवा पट्टा व पुली धरण्याचा पाना जवळ बाळगतात. इंजिन निवलें कीं रस्त्याच्या कडेलाच पट्टा चढवितां येतो.