भरली की थांबा

आपण जालना जिल्ह्यातले लोक कपाशी पिकवतो. आता फवारणीचा पंपही बॅटरीवर चालतो. रात्री आपण बॅटरी चार्जरला लावतो आणि झोपी जातो. भरल्या रांजणात पाणी ओतले तर ते सांडते. भरल्या बॅटरीत वीज सोडली तर काय होते?

शिशाच्या बॅटरीतले पाणी आटते. हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली, की तो भडकतो!

बॅटरी भरत आली, की तिचे व्होल्ट चढतात. १२ व्होल्टची बॅटरी १४.४ च्या आसपास जाते. चांगला चार्जर हे ओळखतो आणि वीज आपोआप कमी करतो किंवा तोडतो.

आपला चार्जर तसा नसेल तर? किती तास लावायचा ते दुकानदाराला विचारू. तेवढ्या वेळाने काढू. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवू. जवळ विडी ओढायची नाही.